हात धुऊन हातांच्याच मागे

पत्र: काकू, मी वाघोलीला राहते, वय चौतीस. मुलगी आठ महिन्यांची आहे. मध्यंतरी तिला जुलाब होऊन तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून माझं हात धुणं वाढलं ते वाढलंच. दिवसातून तीस-पस्तीस वेळा होतं. बादलीतही अँटिसेप्टिकचं झाकणभर टाकते. आता बोटांच्या पेरांवर भेगा पडल्यात, मिरची चिरली किंवा भाकरी थापली की आग होते. नवऱ्यानं एक व्हिडिओ पाहिला, त्यात म्हणे साबणानं हातावरचे ‘चांगले बॅक्टेरिया’ मरतात, म्हणून तो नुसत्या पाण्यानं हात धू म्हणतो. आठशे रुपयांचा ‘प्रोबायोटिक’ स्प्रेही मागवलाय. सासूबाई साताऱ्याहून आल्यात. त्या म्हणतात, ‘आम्ही चुलीच्या राखेनं हात धुतले, चार पोरं वाढवली, काही झालं नाही.’ मी आता धुऊ की नको? कधी कधी तर रात्री उठून परत धुऊन येते, धुतलेत हे माहीत असूनही. — वाघोलीची सून

उत्तर:

काकू म्हटलंस, तर मीही अगं-तुगंच करते. पत्र दोनदा वाचलं. एका वॉशबेसिनसमोर तुमच्या घरात तीन पक्ष उभे आहेत, आणि गंमत म्हणजे तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण भेगा पडल्यात तुझ्या एकटीच्या हातांना. तेव्हा निकाल त्या हातांकडे बघून द्यायचा.

मी एकतीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. एफवायची नवी पोरं आली की पहिल्याच महिन्यात त्यांच्याकडून एक प्रॅक्टिकल करून घ्यायचे. अगारची प्लेट, म्हणजे जंतूंना वाढायला जेलीसारखं खाद्य पसरलेली झाकणाची बशी घ्यायची, खालून मार्करनं मधोमध रेघ मारायची, एका बाजूला ‘आधी’ लिहायचं, दुसऱ्या बाजूला ‘नंतर’. आधीच्या भागावर बोट हलकेच टेकवायचं, मग बेसिनवर जाऊन साबणानं हात धुऊन यायचं आणि तेच बोट नंतरच्या भागावर. प्लेट उलटी करून 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे ऊबपेटीत. उलटी अशासाठी, की झाकणावर जमलेलं पाणी ठिबकलं तर जंतूंची सगळी वस्ती एकमेकांत मिसळते.

दुसऱ्या दिवशी प्लेटा बाहेर काढल्या की ‘आधी’च्या भागात जत्रा भरलेली असायची. लिंबाच्या सालीसारखे पिवळे ठिपके, कडा विस्कटलेली एखादी राखाडी वसाहत पाव प्लेट व्यापून बसलेली, पावसाळ्यात बुरशीची एखादी कापसाची गुंडी. ‘नंतर’च्या भागातून ही जत्रा बरीचशी उठलेली असायची. पण तिथे साबुदाण्याहून लहान, पांढरे, कडेनं सुबक गोल असे ठिपके दाटीवाटीनं उगवलेले दिसायचे. आणि पुष्कळ पोरांच्या प्लेटवर त्यांची संख्या आधीपेक्षा जास्त! दरवर्षी कुणीतरी हमखास विचारायचं, ‘मॅडम, हात धुतल्यावर घाण वाढली?’ एकदा एका मुलानं तर कॉलेजचा साबणच खराब आहे असं जर्नलात लिहून दिलं होतं. (साबण खरंच भिकार होता, पण दोष त्याचा नव्हता.)

ती घाण नव्हतीच. पाण्यानं त्वचा भिजली, चोळल्यानं तिचे सुटत आलेले बारीक पापुद्रे मोकळे झाले आणि त्या पापुद्र्यांवर राहणारी मंडळी वर आली. पिवळी-राखाडी मंडळी होती ती बाहेरून आलेली. बारीक पांढरी होती ती घरचीच.

हा फरक पहिल्यांदा नीट मांडला तो फिलिप प्राइस नावाच्या एका अमेरिकन सर्जननं, 1938 साली. एकामागून एक भांड्यांमधल्या पाण्यात ब्रशनं हात घासायचे आणि प्रत्येक भांड्यात किती जंतू उतरले ते मोजायचं, असा त्याचा खटाटोप. काही जंतू झटपट सुटतात आणि काही कितीही घासलं तरी थोडे थोडे येतच राहतात, हे त्याच्या लक्षात आलं. पहिल्यांना त्यानं वाटसरू म्हटलं, दुसऱ्यांना रहिवासी. आजही सगळ्या जगात हीच विभागणी वापरतात.

पुण्याच्या भाषेत सांगायचं तर रहिवासी म्हणजे सदाशिव पेठेतल्या वाड्यातले पागडीचे भाडेकरू. मालक बदलेल, नळ बंद होईल, जिना पडेल; ते हलायचे नाहीत. आणि वाटसरू म्हणजे गणपती बघायला लोटलेली लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी. त्यात बहुतेक निरुपद्रवी, चारदोन पाकीटमार. तुझ्या लेकीला जुलाब देणारे जे कुणी होते ते या पाकीटमारांपैकी. साबण-पाणी काय करतं, तर गर्दी हटवतं. वाडा रिकामा करणं त्याच्या आवाक्यात नाही. ऑपरेशनच्या आधी सर्जन हातांना औषधी द्रव लावून घासतात ते या भाडेकरूंची संख्या तात्पुरती खाली आणायला, आणि तरीही हातमोज्यांच्या उबेत काही तासांत ते परत वाढू लागतात. तुझ्या बादलीतल्या झाकणभर औषधानं ते संपतील ही भीती नवऱ्यानं सोडून द्यावी.

त्याला हवा असेल तर एक आकडा देते. 2008 साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या संशोधकांनी 51 विद्यार्थ्यांचे दोन्ही तळहात तपासले, जंतू वाढवून नाही तर त्यांच्या जनुकांवरून ओळखून. एकेका तळहातावर सरासरी 150 हून जास्त प्रकार निघाले. एकाच माणसाच्या उजव्या-डाव्या तळहातांमध्ये समान प्रकार होते फक्त 17 टक्के. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात ते इथे शब्दशः खरं. आणि तुमच्या भांडणाच्या कामाची गोष्ट अशी, की हात नुकतेच धुतलेले असोत की बऱ्याच वेळापूर्वी, प्रकारांच्या विविधतेत त्यानं फरक पडला नव्हता. कोण जास्त, कोण कमी हे बदललं होतं. वस्ती उठली नव्हती.

मग हे भाडेकरू आपल्यासाठी करतात काय? तुमच्या व्हिडिओवाल्यानं तेवढं बरोबर सांगितलं असणार, पण घाईत.

त्या पांढऱ्या ठिपक्यांतला मुख्य म्हणजे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. पहिलं काम तो नुसता राहून करतो. जागा अडवतो, घामातलं-तेलातलं खाणं आधी खाऊन टाकतो, म्हणजे नव्यानं येणाऱ्याला बसायला पाटही नाही आणि वाढायला पानही नाही. दुसरं, त्याच्या काही वाणांकडे हत्यारंही आहेत. गळवं करणारा, जखमा चिघळवणारा जो ऑरियस नावाचा त्याचा चुलतभाऊ, त्याला मारणारी लहान लहान प्रथिनं ते तयार करतात. 2010 साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की नाकात राहणाऱ्या एपिडर्मिडिसच्या काही वाणांचं एक एन्झाइम ऑरियसची चिकट वस्तीच मोडून टाकतं. आणि तिसरं काम सगळ्या मोहल्ल्यानं मिळून करायचं. निरोगी त्वचा थोडी आंबट असते, पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा; सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) साधारण 4.5 ते 5.5. घामातल्या लॅक्टिक आम्लामुळे, त्वचेच्या स्वतःच्या घटकांमुळे आणि काही जिवाणू त्वचेवरचं तेल फोडून त्यातून आम्लं मोकळी करतात म्हणूनही. या आंबटपणात घरची मंडळी सुखात असतात आणि पुष्कळ उपद्रवी वाटसरूंना तो सोसत नाही. कैरीचं लोणचं टिकतं त्यात आंबटपणाचा हात असतो, तशातलंच हे.

पण म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवू नकोस. हाच एपिडर्मिडिस शिरेत घातलेल्या नळीवर किंवा बदललेल्या गुडघ्याच्या सांध्यावर जाऊन बसला की डॉक्टरांच्या नाकी नऊ आणतो. वाड्याच्या ओसरीवर बसलेला भाडेकरू बरा. तो माजघरात शिरला की कज्जा.

आता तुझ्या भेगांकडे येते.

साबणाची वडी अल्कधर्मी असते, पीएच नऊ-दहाच्या घरात. एकदा धुतलं की त्वचेचा आंबटपणा जातो आणि परत यायला काही तास लागतात. दिवसात दहा-बारा वेळा झालं तर त्वचा सावरते. पस्तीस वेळा म्हणजे जागेपणी दर अर्ध्या तासाला! म्हणजे तुझे हात दिवसभर आंबट होतच नाहीत. त्वचेचा वरचा थर म्हणजे चपट्या मेलेल्या पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. साबण मळ काढतो तसा थोडा चुनाही काढतो. तळहाताला तर तेलाच्या ग्रंथीच नाहीत, त्यामुळे गेलेलं तेल भरून काढायला तिथे स्वतःचा झरा नाही. चुना गेला की विटा हलतात, पाणी उडून जातं, आणि मग तुझी भेग. याला साबणाचा इसब म्हण.

आणि खरी गोम इथे आहे. अख्ख्या त्वचेवर ऑरियसला नीट बसता येत नाही. फाटलेल्या, सोललेल्या त्वचेवर तो ठाण मांडतो. दवाखान्यांतल्या ज्या नर्सेसचे हात धुऊन धुऊन सोलवटलेले असतात त्यांच्या हातांवर ऑरियस आणि इतर त्रासदायक जिवाणू जास्त सापडतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेतही नमूद आहे. म्हणजे बाळासाठी म्हणून तू जे करते आहेस, त्यानं बाळाला लागणारे हात जास्त धोक्याचे होतायत. जंतू मेल्यानं नाही झालं हे. वाडा पडल्यानं झालं.

तरीही ‘नुसतं पाणी’ हा उपाय नाहीच, हे नवऱ्याला माझ्या नावानं सांग. आपल्यापासून फार लांब नाही, कराचीतली गोष्ट आहे. तिथल्या झोपडवस्त्यांमध्ये काही घरांना साबण आणि हात धुण्याचं शिक्षण दिलं, काहींना दिलं नाही, आणि मग वर्षभर पोरांचं आजारपण मोजलं. 2005 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. साबण मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया 50 टक्क्यांनी कमी, पंधरा वर्षांखालच्यांचे जुलाब 53 टक्क्यांनी कमी, अंगावरची पिकणारी पुरळं 34 टक्क्यांनी कमी. एवढं काम औषधांच्या कपाटातल्या फार थोड्या बाटल्या करतात. आणि त्याच अभ्यासात काही घरांना साधा साबण दिला होता, काहींना जंतुनाशक. दोघांमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही! पुढे 2016 साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, ट्रायक्लोसान धरून 19 जंतुनाशक रसायनं घरगुती साबण-हँडवॉशमध्ये घालायला बंदी केली, कारण साध्या साबणापेक्षा ती जास्त चांगली असल्याचं उत्पादकांना दाखवता आलं नाही.

तेव्हा बादलीतलं झाकण आजपासून बंद. बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात टाकत असशील (पत्रात लिहिलं नाहीस, पण टाकत असणार) तर तेही बंद. तिच्या कातडीवर तर वस्ती आत्ता कुठे बसते आहे.

साबण कोणता? इथे मला तुझ्या पत्त्यात रस आहे. वाघोली म्हणजे टँकर आणि बोअर, बरोबर? पेठांत माझ्याकडे खडकवासल्याचं पाणी येतं, ते मऊ. साबणाचा फेस चटकन होतो आणि चटकन जातो. बोअरचं पाणी खडकातले कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. शाळेच्या पुस्तकात याला ‘दुष्फेन’ असा भारदस्त शब्द होता. आपण जड पाणी म्हणतो, ज्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. या पाण्यात साबणाचा फेस व्हायच्या ऐवजी त्याचा पांढुरका साका होतो. बादलीच्या आत कडेकडेनं जी खरखरीत रेघ बसते ना, नखानं खरवडून बघ, तोच साका तुझ्या बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली राहतो आणि तिथली कातडी खात बसतो. तुझ्या भेगा अंगठीच्या बोटाला जास्त आहेत का, बघून ठेव. माझी पैज आहे, असणार.

म्हणून साबणाच्या वडीऐवजी ‘सोप-फ्री’ किंवा ‘सिंडेट’ (साबण नसलेलं सौम्य डिटर्जंट) असं लिहिलेली, पीएच 5.5 च्या आसपासची, बिनवासाची वडी किंवा लिक्विड घे. मेडिकलमध्ये मिळतं, साबणापेक्षा महाग पडतं, पण तुझ्या त्या स्प्रेच्या निम्म्यातही येईल. जड पाण्यात याचा साका होत नाही. अंगठी धुताना काढ, निदान सरकवून खाली पाणी जाऊ दे. आणि घरात आरओ असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी भरून ठेवून हात-भांड्यांना वापरायची पद्धत बऱ्याच सोसायट्यांत आहे. फरशीला वापर हवं तर, हातांना नको. फिल्टरनं अडवलेले सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात, म्हणजे मुळातल्या बोअरच्या पाण्यापेक्षाही ते जड.

धुवायचं कधी, तर जिथे गर्दी हातावर चढते आणि जिथून ती तोंडात जाणार असते तिथे. संडासला जाऊन आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, बाहेरून आल्यावर, कच्चं चिकन-अंडं हाताळल्यावर, ओला कचरा बाहेर ठेवल्यावर, नाक शिंकरल्यावर. आणि स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, बाळाला भरवायच्या आधी. बाळाच्या आईचे हे दिवसाला बारा-पंधरा वेळा होतात, होऊ देत. पण झोपलेल्या बाळाची दुपटी नीट करायच्या आधी, मोबाइल ठेवल्यावर, तिला नुसतं उचलायच्या आधी, स्वतःच्याच धुतलेल्या कपड्यांना हात लागला म्हणून, हे सगळं वगळ. तुझ्या पस्तीसातले वीस तिथेच आहेत.

धुताना वीस सेकंद. गरम पाणी नको, त्यानं जंतू जास्त जात नाहीत, तेल मात्र जातं. नखांखालचं निघावं म्हणून बोटांची टोकं तळहातावर घासून धू, कारण अख्ख्या हातावर सगळ्यात दाट वस्ती नखांखालीच असते, आणि कणकेबरोबर वाटसरूही तिथेच अडकतात. नखं कापलेली ठेव, एवढ्यानंच अर्धं काम होतं. मग पुसणं. हे लोक विसरतात. ओल्या हातावरून जंतू कोरड्या हाताच्या मानानं कितीतरी सहज इकडून तिकडे जातात. स्वयंपाकघरातल्या खुंटीवरचा सगळ्यांचा टॉवेल आषाढात चार-चार दिवस वाळत नाही. त्याला पुसून धुतल्याचं पुण्य जातं. छोटे सुती पंचे कर, रोज एक. टिपून घे, घासू नकोस.

आणि लगेच, हात अजून किंचित दमट असतानाच, काहीतरी स्निग्ध लाव. बेसिनशेजारीच डबी ठेव, नाहीतर होणार नाही. व्हॅसलीनसारखं पेट्रोलियम जेली सगळ्यात बिनधोक आणि स्वस्त. खोबरेल चालेल. दिवसा हात चिकट होतात म्हणून थोडंच लाव. रात्री मात्र जाड थर देऊन वर सुती मोजे चढव. पायातले जुने, धुतलेले असले तरी चालतील, कोण बघतंय. चांगल्या बॅक्टेरियांसाठी पैसे खर्च करायचेच असतील तर या डबीवर कर, त्यांचं घर याच्यानं उभं राहतं.

भेगा भरेपर्यंत सॅनिटायझर झोंबेल, म्हणून आत्ता सल्ला देत नाही. नंतर मात्र प्रवासात, दवाखान्यात, किमान 60 टक्के अल्कोहोलचं ग्लिसरीनयुक्त सॅनिटायझर वापरायला घाबरू नकोस. ऐकून आश्चर्य वाटेल, पण ते साबणापेक्षा त्वचेला सौम्य असतं, हे नर्सेसवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, कारण ते तेल धुऊन नेत नाही. फक्त दिसणाऱ्या मळावर, तेलकट हातांवर आणि शी काढल्यावर ते नको. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंना, उदाहरणार्थ नोरोव्हायरसला, त्याचं फारसं काही वाटत नाही. तिथे साबण-पाणीच.

आठशेचा स्प्रे. बाटली मागे फिरव आणि आत कुठला जंतू आहे ते वाच. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचं नाव असेल तर तो आतड्यात-दह्यात शोभतो, हाताचा तो रहिवासी नव्हे. तोही वाटसरूच, फक्त विकत आणलेला. विरजण दुधात लागतं, पाण्यात नाही. तसं जंतूला जागा मानवायला हवी. खरं काम या दिशेनं चाललंय, नाही असं नाही. सॅन दिएगोच्या संशोधकांनी 2017 साली इसबाच्या रुग्णांच्या स्वतःच्याच त्वचेवरचे ऑरियसला मारणारे चांगले जिवाणू वेगळे काढले, वाढवले, क्रीममध्ये घालून त्यांच्याच हाताला परत लावले, आणि ऑरियस कमी झाला. पण ते ज्याचं त्याला, प्रयोगशाळेत, मोजून. कुरिअरनं आलेल्या बाटलीशी त्याचा संबंध इतकाच, की जाहिरातीत दोन्हीकडे एकच शब्द असतो. परत करता आला तर कर, नाहीतर नवऱ्याला मारू दे स्वतःच्या हातांवर. आणि भेगा भरलेल्या नसताना तुझ्या हातांवर तर मुळीच नको, उघड्या जखमेवर पाळीव जंतूसुद्धा सोडू नये.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. राखेनं हात घासून धुणं हे न धुण्यापेक्षा कधीही शहाणपणाचं होतं, चोळण्यानं पुष्कळ वाटसरू जातात. पण राख साबणाहूनही दाहक, तुझ्या भेगांवर तिचा विचारही नको. आणि ‘काही झालं नाही’चं म्हणशील तर ज्यांच्याकडे काही झालं त्यांच्या गोष्टी चावडीवर सांगत नाहीत. 1971 साली आपल्या देशात हजारामागे 129 बाळं पहिला वाढदिवस बघत नसत; 2020 साली हा आकडा 28 वर आला. लशी, दवाखाने, पाणी, शिकलेल्या आया, साबण, सगळ्यांचा त्यात वाटा. हे त्यांना तोंडावर सांगायचं नाही, पोटात ठेवायचं.

उलट त्यांच्या हाताला काम दे. बाळाला तेल लावून अंघोळ घालायला त्यांच्याइतकं कोण चांगलं? फक्त डाळीच्या पिठानं खसखसून लव काढायचा प्रकार नको म्हणावं, मऊ हातानं तेल पुरे. त्यांच्या, तुझ्या, नवऱ्याच्या हातांवरूनच बाळाची वस्ती बसणार आहे. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे ना, तिथल्या मंडळींनी काही वर्षांपूर्वी एकाच कुटुंबातल्या वेगवेगळ्या पिढ्यांचे आतड्यातले, तोंडातले आणि त्वचेवरचे जिवाणू तपासले होते, वयाबरोबर ते कसे बदलतात ते बघायला. तीन पिढ्या, एका घरात. वाचून मला आमचं माजघर आठवलं होतं.

भेगा दोन आठवड्यांत या सगळ्यानं मिटत आल्या नाहीत, किंवा पिवळी खपली धरली, पू आला, नखाच्या कडेला ठणकणारी सूज, म्हणजे नखुरडं झालं, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मेडिकलवाल्यानं काउंटरवर काढून दिलेली ट्यूब लावू नकोस. त्यात बरेचदा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध यांची भेळ असते, आणि मग मूळ दुखणं कुठलं ते डॉक्टरलाही कळेनासं होतं.

आता ते पत्रातलं शेवटचं वाक्य. धुतलेत हे माहीत असूनही रात्री उठून परत. तू ते जाता जाता लिहिलंस, मला मात्र बाकीच्या पत्रापेक्षा तेच जास्त वेळ डोळ्यांसमोर राहिलं. बाळ दवाखान्यात तीन दिवस सलाइनवर पाहिलेल्या आईला धास्ती बसणारच. आठ महिन्यांचं मूल रांगतं, चप्पल चाटतं, रिमोट चोखतं; ते जुलाब तुझ्याच हातांतून गेले असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, तूसुद्धा नाही. पण हात स्वच्छ आहेत हे डोक्याला पटलेलं असताना पाय बेसिनकडे वळत असतील, न धुतल्यास बाळाला काहीतरी होईल असा विचार नको नको म्हणताना येत असेल, तर तो प्रश्न साबणाचा उरत नाही. बाळंतपणानंतरच्या वर्षात अशी विचारांची आणि धुण्याची सक्ती काही बायकांना लागते, आणि तिच्यावर उपचार आहेत, चांगले आहेत. तिथे मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं. आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. नवऱ्याला हा परिच्छेद वाचायला दे. स्प्रे मागवणारा माणूस काळजीवाहूच असतो, त्याला फक्त काळजी कुठे वाहायची ते दाखवावं लागतं.

महिन्याभरानं मला दोन ओळी टाक. हातांचा फोटो नको, भाकरी थापता येतेय का एवढंच कळव.